जनावराला दवाखाना कुठवर?

गावकरी : ताई, रागावणार नसाल तर स्पष्टच बोलतो. भुकूमला आमच्याकडे घरटी एक कुत्रं असायचं. खळ्यावर राखण त्याची, गोठ्यावर राखण त्याची, रात्री बिबट्याची चाहूल लागली की वस्ती जागी करायची तीही त्यानेच. उरलीसुरली भाकर आणि ताक यांवर ती जगली. दवाखान्याचं दार त्यांनी कधी पाहिलं नाही. पुढे पौड रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोसायट्या आल्या, बंगले आले आणि त्यांच्यामागून कुत्र्या-मांजरांची नवनवी दुखणी आली. पिल्लाला लसींचं कार्ड, पाच वर्षांच्या कुत्र्याला रक्ततपासणी, दहा वर्षांच्याला सोनोग्राफी. आमचं कुत्रं म्हातारं व्हायचं, उन्हाला पडून राहायचं, खाणं कमी करायचं आणि एक दिवस जायचं. त्याला आम्ही कधी आजार म्हटलं नाही. तुम्ही मंडळी मात्र वयालाच रोग ठरवायला निघालात, असं मला वाटतं.

डॉक्टर : वय हा रोग नाही, हे मलाही मान्य आहे. पण काका, तुम्हाला आठवतात ती म्हातारी झालेली कुत्री. जी म्हातारी झालीच नाहीत, ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत. पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या पिल्लांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. वयात येईपर्यंत, म्हणजे साधारण सात महिन्यांपर्यंत, त्यांतली शंभरात 19 पिल्लंच तगली होती. निम्म्याहून जास्त मृत्यूंना माणूस कारणीभूत होता, हे खरं. पण एवढ्या चाळणीतून जे उरतं ते दणकट दिसणारच. त्यावरून ‘गावचं कुत्रं आजारी पडत नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

आणि लसींचं कार्ड म्हणाल, तर त्यामागचं कारण तुमच्यासारख्या गुरं पाळणाऱ्याला पटकन समजेल. वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजलाच पाहिजे, हे तुम्ही जाणता. पिल्लालाही आईच्या चिकातूनच पहिली प्रतिकारशक्ती मिळते. ती सहाव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान ओसरत जाते आणि प्रत्येक पिल्लाची वेळ वेगळी असते. यात अडचण अशी, की आईकडून आलेली शक्ती पुरेशी असेतोवर ती लसीलाही निकामी करते. मध्येच काही दिवस असे येतात, की ती रोग अडवायला कमी पडते, पण लस अडवायला पुरते. पार्वो नेमका याच फटीतून शिरतो. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवडे होईपर्यंत डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. पार्वो हा 1978 साली जगाला कळलेला विषाणू. उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली की दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं आणि विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकून राहतो. मांजराच्या पिल्लांत असाच भयंकर पॅनल्युकोपेनिया. शिवाय कुत्र्याच्या पिल्लांत जंत तर जन्माआधीच आईच्या पोटातून आणि नंतर तिच्या दुधातून येतात.

गावकरी : पिल्लांचं मान्य केलं. पोट फुगलेली, हाडं निघालेली पिल्लं मीही पुरली आहेत. तेव्हा ‘नजर लागली’ म्हणायचो. रेबीजच्या लसीबद्दलही माझं काही म्हणणं नाही, तो माणसाच्या जिवाशी खेळ आहे. माझा प्रश्न त्यापुढचा. एकदा कुत्रं वर्षा-दीड वर्षाचं झालं, अंगाने भरलं, धावायला लागलं, की मग त्याचा दवाखान्याशी काय संबंध? तीन ते सात-आठ हा तर त्याच्या ऐन भराचा काळ. त्या काळातही दरवर्षी तपासणीला बोलावता. आणि दुखणी म्हणाल तर निम्मी माणसाने पैसे मोजून विकत आणलेली आहेत. नाक चेपलेला पग, ज्याला उन्हाळ्यात धड श्वास घेता येत नाही. बर्फातला हस्की, जो इथे एप्रिलमध्ये फरशीला पोट लावून धापा टाकतो. कंबरेत अधू जर्मन शेफर्ड. ही वयाची दुखणी नाहीत, हौसेची आहेत.

डॉक्टर : त्या शेवटच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूची आहे. जाती घडवताना माणसाने दिसण्याला भाव दिला आणि किंमत जनावराने मोजली. पण जातीचा प्रश्न वयाशी तुटलेला नाही. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब सगळे सांगतात. तो चुकीचा आहे. ग्रेट डेनसारखं दांडगं कुत्रं सात-आठ वर्षांतच म्हातारं होतं, तर छोटा पॉमेरेनियन चौदा-पंधरापर्यंत जाऊ शकतो. शिवाय सुरुवातीची वर्षं झपाट्याने जातात, नंतर वेग मंदावतो. अमेरिकेत लॅब्राडॉर कुत्र्यांच्या डीएनएवर वयाबरोबर पडणाऱ्या रासायनिक खुणा तपासून 2020 साली एक सूत्र मांडलं गेलं. त्याप्रमाणे एक वर्षाचं लॅब माणसाच्या तिशीच्या आसपास भरतं आणि दोन वर्षांचं चाळिशीच्या. मांजराचं पहिलं वर्ष साधारण पंधराच्या बरोबरीचं आणि दुसऱ्याच्या शेवटी ते चोविशीचं धरतात. पुढे दर वर्षाला चारेक. म्हणजे तुम्ही ज्याला ऐन भराचा काळ म्हणता, तो मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा फार लवकर सरतो.

आणि हाच काळ गप्प असतो. तुम्ही बैलाचं वय दातांवरून ओळखता ना? तसं चार वर्षांच्या कुत्र्याचा वरचा ओठ एकदा बाजूने उचलून पाहा. मागच्या मोठ्या दाढेवर पिवळा-तपकिरी कठीण थर असतो आणि जिथे दाढ हिरडीत शिरते तिथे लालभडक रेघ. कुत्रं जेवत असतं, शेपूट हलवत असतं, म्हणून घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. थोडे दिवस गेले की ते एकाच बाजूने चावू लागतं, तोंडाला घाण वास येतो आणि घरचे म्हणतात, ‘कुत्र्याच्या तोंडाला वास असायचाच.’ तसंच गोचिडांचं. पावसाळ्यात आणि त्यानंतर इथल्या गवतात, सोसायट्यांच्या भिंतींच्या फटींत तपकिरी गोचीड असतात. त्यांच्यामुळे होणारा एर्लिकियासारखा ताप कधी कधी वरवर बरा होतो आणि शरीरात दबा धरून बसतो. महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, नाकातून रक्त येऊ लागतं. भाताच्या खाचरातल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टो आहे. तरुण वयाची दुखणी सहसा पिल्लांच्या दुखण्यांसारखी तडकाफडकी मारत नाहीत. म्हातारपणी काय वाढून ठेवलंय, ते याच वर्षांत शिजत असतं.

गावकरी : इथे मला तुमच्या शास्त्राचीच शंका येते. कालपर्यंत तुम्ही लोक सांगत होतात, सहा महिन्यांत नसबंदी करून टाका, पुढचे आजार टळतील. आता ऐकतो, की मोठ्या जातीच्या कुत्र्याची इतक्या लवकर केली तर सांधे बिघडतात. मग ज्यांनी कालचं ऐकलं, त्यांच्या कुत्र्यांचं काय? खाण्याचंही तेच. घरची भाकर वाईट, पिशवीतलं चांगलं, पुन्हा पिशवीतल्यातही हे नको, ते द्या. नसबंदी झाली की कुत्री लठ्ठ होते, मग लठ्ठपणाचं औषध. एक उपाय दुसरं दुखणं घेऊन येतो. आमच्या कुत्र्या माजावर यायच्या, व्यायच्या, धावायच्या. निसर्गाचं चक्र अडवून तुम्ही वेगळाच आजार तयार करता, असा माझा आरोप आहे.

डॉक्टर : आरोपाचा अर्धा भाग घेते. 2013 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत सांध्यांचे आजार जास्त आढळले. त्यानंतर सरसकट सहा महिन्यांचा नियम मागे पडला. आता जात, आकार आणि लिंग पाहून वेळ ठरवायची. शास्त्राने मत बदललं ते पुरावा मिळाला म्हणून, आणि आधीच्या सल्ल्याची झळ काहींना बसली, हेही नाकारत नाही. पण उरलेला अर्धा भाग ऐका. नसबंदी न केलेली कुत्री मध्यम वयाला आली, की माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी तिच्या गर्भाशयात पू भरण्याचा धोका असतो. ती पाणी खूप पिते, मलूल पडते, खाणं सोडते, आणि बाहेर पू येत नसेल तर कुणाला पत्ताच लागत नाही. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा उतरवायची पद्धत जुनी आहे. तिथल्या नोंदींनुसार अशा कुत्र्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला दहा वर्षांच्या आत हे दुखणं होतं. तुमच्या वस्तीवरची सात-आठ वर्षांची कुत्री चार दिवसांत ‘अचानक’ गेली, अशा किती आठवणी असतील?

लठ्ठपणाबद्दल तर माझं म्हणणं तुमच्या भाकरीच्या बाजूनेच जातं. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या, एकाच वेताच्या भावंडांच्या, जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला देऊन दोघांना आयुष्यभर सांभाळलं. 2002 साली निष्कर्ष आले : सडसडीत राहिलेल्यांचं मध्यम आयुर्मान 13 वर्षं, भरपूर खाणाऱ्यांचं 11.2. सांधेदुखीचे उपचारही सडपातळ कुत्र्यांना बरेच उशिरा लागले. एवढा फरक पाडणारं औषध माझ्या कपाटात नाही आणि याला पैसेही पडत नाहीत. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, एवढं बघायचं. मात्र भाकर-दूध सगळ्यांना चालतं, असं नाही. शाकाहारी घरातली मांजर दूध-पोळीवर ठेवली, तर तिला टॉरिन हा पोषक घटक मिळत नाही. ते तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, मांस-माशांतूनच यावं लागतं. त्याच्या अभावी मांजरांचं हृदय फुगून निकामी होतं, हे 1987 साली सिद्ध झालं. अन्नाचं चुकलं, की ते असं काही वर्षांनी उमटतं.

गावकरी : ठीक. पिल्लू सांभाळायचं, मधल्या वयात खाणं, दात, गोचीड बघायचे. इथपर्यंत मी तुमच्याबरोबर चालत आलो. आता खरा वाद. मांजर चौदा वर्षांची झाली. तुम्ही रक्त काढता, किडनी गेली म्हणता. मग दर दोन-तीन दिवसांनी कातडीखाली सलाइन, तोंड उघडून गोळ्या, तिला न आवडणारं वेगळं खाणं. ती पिशवीत कोंबली की ओरडते, दवाखान्यात भीतीने मुतते. तिला कुणी विचारलं? माणूस निदान ‘बस झालं’ म्हणू शकतो. आणखी एक बोलतो, कडू लागेल. मोठ्या तपासण्यांसाठी पुणं गाठायचं, नाहीतर शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय, नाहीतर थेट परळ. ज्या घरात आजी गुडघ्याला तेल चोळत दिवस काढते, त्या घराने मांजरासाठी हा खर्च करावा, असं तुम्ही कुठल्या तोंडाने सांगता? आणि जो करू शकत नाही, त्याचं प्रेम कमी ठरतं. ही टोचणी तुम्हीच लावून दिलीत.

डॉक्टर : ही टोचणी लावायचा हक्क कुणालाच नाही. खर्चाचंही खरं आहे : तालुक्याची पशुवैद्यकीय व्यवस्था गाई-म्हशींसाठी उभी राहिली. कुत्र्या-मांजरांची मोठी सरकारी सोय जवळपास नाही, म्हणून उपचार खिशावर ठरतात. पण म्हाताऱ्या जनावराकडे बघणं आणि त्याच्यावर उपचारांचा मारा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बघायला पैसे लागत नाहीत, सवय लागते. म्हातारी मांजर आधी ओट्यावर एका उडीत चढायची. मग ती आधी खुर्चीवर, तिथून ओट्यावर अशी जाऊ लागते. मग उतरताना क्षणभर थांबते, पुढचे पाय खाली सोडून अंग घसरू देते. पुढे चढणंच सोडते. पाठीवरचे केस गुंततात, कारण मान वळवून चाटता येत नाही. नखं वाढून आत वळतात. ती कधी ओरडत नाही. घरचे म्हणतात, शांत झालीय. ती शांत झालेली नाही, तिचे सांधे दुखतायत. अशा वेळी घरातली पॅरासिटामॉल मात्र तिला कधीही देऊ नका, एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. बुटक्या कडेचा मातीचा डबा, ओट्यापाशी एक पाट, उबदार जागा, आणि लागलीच तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली वेदनाशामक. यात अत्याचार कुठे आहे?

दुसरं असं, की तपासणीमुळे कित्येकदा काहीही न करण्याची मोकळीक मिळते. नऊ-दहा वर्षांच्या कुत्र्याचे डोळे निळसर, धुरकट दिसू लागतात. घरचे मोतीबिंदू समजून घाबरतात. पुष्कळदा ते डोळ्यातलं भिंग वयाने घट्ट झाल्यामुळे असतं, कुत्र्याला चांगलं दिसत असतं, उपचाराची गरजच नसते. कातडीखालच्या कितीतरी मऊ गाठी नुसत्या चरबीच्या निघतात. न बघता ‘वय झालं’ म्हणणं आणि बघून तसं म्हणणं, या दोन्हींत जनावराच्या वाट्याला येणारे दिवस वेगळे असतात.

गावकरी : सांधेदुखीचं तुम्ही सांगितलंत ते पटलं. मला वाटतं, माझा विरोध आता मला नीट सापडला. दुखतंय ते शोधा, त्याला माझी ना नाही. जे दुखत नाही, जनावराला जे कळतही नाही, ते आकड्यांत शोधून काढू नका. रात्री घरभर फिरणारं, कोपऱ्यात तोंड खुपसून उभं राहणारं म्हातारं कुत्रं मी पाहिलंय. त्याच्या मेंदूचं नाव कळून त्याला काय मिळणार? पोटातली गाठ पंधराव्या वर्षी सापडली, तर घरचे तिच्यामागे लागणारच. माहिती हाती आली, की माणसाला थांबता येत नाही. म्हणून माझा नियम साधा : तपासणी सांगण्याआधी सांगा, उत्तर काहीही आलं तरी आपण वेगळं काय करणार? वेगळं काही करायचं नसेल, तर सुई नको.

डॉक्टर : हा नियम मी माझ्या टेबलावर लिहून ठेवीन. पण ‘जे दुखत नाही ते शोधू नका’ या तुमच्या म्हणण्यात एक भोक आहे. किडनीच्या नेहमीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढतं, तोवर साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. लवकर कळलं तर नुसतं खाणं आणि पाणी सुधारून मांजराची चांगली वर्षं वाढतात. त्याहून बोलकं उदाहरण रक्तदाबाचं. म्हाताऱ्या मांजरांत, विशेषतः किडनी किंवा थायरॉइड बिघडलेल्या, रक्तदाब चढतो. दुखत काही नाही. एक दिवस डोळ्याचा पडदा सुटतो आणि मांजर एका रात्रीत आंधळी होते. आधी पट्टा बांधून मोजला असता, तर रोजच्या छोट्याशा गोळीने बहुतेकदा ते टळलं असतं. इथे वेदनेची वाट पाहणं म्हणजे आंधळेपणाची वाट पाहणं. कुत्र्याच्या मेंदूचंही तसंच. अमेरिकेतल्या एका अभ्यासात 11-12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्क्यांत आणि 15-16 वर्षांच्यांपैकी 68 टक्क्यांत गोंधळ, झोपेचं उलटंपालटं असं निदान एक तरी लक्षण दिसलं. त्याचं नाव कळलं, की निदान घरात मुतल्याबद्दल कुणी त्याला मारत नाही.

गावकरी : रक्तदाबाचं ऐकून मी एक पाऊल मागे घेतो, पट्ट्याने मोजा, सुई लागत नाही. पण शेवटचं काय? आमच्याकडे जनावर आपल्या मरणाने जातं. तुमच्याकडे इंजेक्शन आहे. मला ती आपल्या सोयीची दया वाटते.

डॉक्टर : किडनी बंद पडून येणारं मरण शांत नसतं, काका. मळमळ, तोंडात व्रण आणि असे कित्येक दिवस. ‘आपल्या मरणाने’ म्हणताना ते दिवस मोजले जात नाहीत. तरीही सोयीची दया असते, हे मी पाहिलंय. सुट्टीवर जायच्या आधी ‘करून टाका’ म्हणणारे येतात. मी त्यांना नाही म्हणते. आणि ‘अजून एक सलाइन’ म्हणणाऱ्यांनाही कधी कधी नाही म्हणावं लागतं. ते जास्त जड जातं.

गावकरी : म्हणजे आपलं भांडण इतक्यावर आलं : तुम्हाला भीती वेळेत न कळल्याची, मला भीती कळल्यावर थांबता न येण्याची.

डॉक्टर : आणि दोन्ही भीती खऱ्या आहेत, म्हणून एक नियम सगळ्या जनावरांना पुरणार नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाबाबत तुम्हीही माझ्याकडे धावत याल. सोळा वर्षांच्या कुत्र्याबाबत मीही तुमच्यासारखा विचार करीन. वाद उरतो तो मधल्यांचा, नवव्या-दहाव्या वर्षीच्या कुत्र्याचा, बाराव्या वर्षीच्या मांजराचा. तिथे मी आधी बघून मग थांबा म्हणेन, तुम्ही आधी थांबून मग बघा म्हणाल. मात्र त्या मधल्या काळात जनावराने जे सोसलं, माझ्या सुईचं किंवा तुमच्या थांबण्याचं, ते त्याला सांगता येत नाही. त्याचं उत्तर आपल्या दोघांनाही द्यावं लागेल.